चाळीस किलोंचा हट्ट

मोबाइलवर फोटो येतो. आठ आठवड्यांचं रॉटवायलरचं पिल्लू. काळंभोर अंग, भुवयांवर तांबूस ठिपके आणि शरीराच्या मानाने भलतेच मोठे पंजे. मुलं ‘आणूया ना, आणूया ना’ म्हणून मागे लागतात आणि खरं सांगायचं तर तुमचंही मन विरघळलेलं असतं. पण एक गोष्ट त्या फोटोत दिसत नाही. आज मांडीवर मावणारं हे पिल्लू वर्षभरात चाळीस किलोंच्या घरात जाणार आहे आणि त्याला स्वतःची मतं असणार आहेत.

आता हा कुत्रा काशीतल्या दूधविनायकात राहतोय अशी कल्पना करा. पंचगंगा, दुर्गा आणि ब्रह्मा घाटांच्या वरच्या अंगाचा हा जुना मोहल्ला. पेशवाईपासून मराठी कुटुंबं याच परिसरात वस्ती करून आहेत. गल्ली अशी, की समोरून माणूस आला तर एकाने खांदा वळवावा. त्यात सांड बसलेला, मागून मोटारसायकल हॉर्न वाजवतेय, वर गच्चीच्या कठड्यावर माकडांची रांग. भिंतीला भिंत लागून शेजार. घरात अंगण असलंच तर चौकापुरतं, आणि जिने उभे, दगडी. मोठा, हट्टी कुत्रा पाळण्याची परीक्षा घ्यायची तर याहून अवघड जागा सापडणार नाही. म्हणूनच हे उदाहरण घेतलं आहे. तुम्ही पुण्याच्या सोसायटीत राहत असा, नाहीतर नागपूरच्या बंगल्यात, प्रश्न तेच असतात. इथे ते फक्त लवकर समोर येतात.

कुत्र्यांचं या भागाला वावडं नाही, उलट आहे. काळभैरवाचं देऊळ जवळच आहे आणि भैरवाचं वाहन कुत्रा. ब्रह्माघाटावर दत्ताचं देऊळ, दत्ताच्या पायाशी चार कुत्रे. गल्लीतल्या कुत्र्याला बिस्किट घातल्याशिवाय पुढे न जाणारी माणसं इथे रोज दिसतील. पण बिस्किट घालणं वेगळं आणि त्याच जातीच्या एका ताकदवान जनावराची दहा वर्षं जबाबदारी घेणं वेगळं.

हट्ट येतो कुठून?

‘आमचा कुत्रा ऐकतच नाही’ ही तक्रार करण्याआधी त्याच्या पूर्वजांची नोकरी काय होती ते पाहा. जर्मन शेफर्ड ही जात 1899 मध्ये माक्स फोन श्टेफानित्स या लष्करी अधिकाऱ्याने नावारूपाला आणली. मेंढ्यांचा कळप दिवसभर हद्दीत ठेवणं हे तिचं काम. रॉटवायलर हा जर्मनीतल्या रॉटवाइल गावच्या खाटकांचा कुत्रा, गुरं हाकणारा. अंगावर येणाऱ्या बैलापुढे मागे सरला तर तो कामाचाच नव्हता. हिमालयातला भोटिया रात्री डोंगरावर कळप राखायचा. मालक झोपलेला, बिबट्या अंधारात. काय करायचं ते कुत्र्यानेच ठरवायचं. तुम्ही ज्याला हट्ट म्हणता ती या कुत्र्यांची पात्रता होती. पिढ्यान् पिढ्या माणसानेच ती निवडून वाढवली आहे.

आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर कारवानी घ्या. पश्चिम महाराष्ट्र, मराठवाडा आणि सीमेपलीकडच्या मुधोळपर्यंत आढळणारा हा उंच, सडपातळ शिकारी कुत्रा. मुधोळ संस्थानच्या घोरपडे राजांनी त्याची जोपासना केली, म्हणून त्याला मुधोळ हाउंड असंही नाव पडलं. 2005 मध्ये टपाल खात्याने त्याचं तिकीट काढलं आणि 2016 मध्ये मेरठच्या लष्करी केंद्रात त्याची पिल्लं प्रशिक्षणासाठी गेली. नजरेने सावज हेरायचं आणि मालकाकडे न पाहता सुसाट सुटायचं, हा त्याचा स्वभाव. सशाच्या मागे धावताना तो हाकेला थांबला असता तर त्याला कोणी पाळलंच नसतं. आता तोच कारवानी गच्चीवर आहे आणि समोरच्या कठड्यावरून माकड पळालं. तुम्ही कितीही ओरडा, पहिले काही क्षण तुमचा आवाज त्याच्यापर्यंत पोचणारच नाही. अशा घरात शिकवणीच्या आधी गच्चीची उंच जाळी येते.

हस्की आणि मॅलाम्यूट यांच्याबद्दल मात्र माझं मत सरळ आहे: आणू नका. बर्फात मैलोन्मैल गाडी ओढण्यासाठी घडलेलं ते अंग. काशीत मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत चढतो. एसी लावून कुत्रा जगवता येईल, पण तो खोलीबाहेर कधी पडणार?

पिल्लू आणताना

2017 च्या केंद्रीय नियमांनुसार श्वानपैदास करणाऱ्याला राज्याच्या पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. पण प्रत्यक्षात तीस-पस्तीस दिवसांची पिल्लं सर्रास हातात ठेवली जातात. ‘लहान आणलं की लळा जास्त लागतो’ असं विकणारा सांगतो. यावर विश्वास ठेवू नका. आई आणि भावंडांच्या सहवासात पिल्लू एक फार मोलाची गोष्ट शिकतं, ती म्हणजे चावा किती जोरात घ्यायचा. जोरात चावलं की भाऊ ओरडतो आणि खेळ थांबतो. हा धडा चुकलेलं पिल्लू पुढे तुमच्या मुलाच्या हातावर तो गिरवतं, आणि तेव्हा त्याचे दात मोठे झालेले असतात.

शक्य असेल तर पिल्लाची आई पाहून घ्या. अनोळखी माणसाला पाहून ती थरथरत असेल किंवा अंगावर येत असेल, तर फोटो कितीही गोड असला तरी परत या.

पहिले दोन महिने गल्लीच शिकवते

अमेरिकेतल्या जॅक्सन प्रयोगशाळेत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी कुत्र्यांच्या पिल्लांवर वर्षानुवर्षं काम केलं. 1965 मध्ये त्यांचं पुस्तक आलं. त्यातून पुढे आलेली एक गोष्ट आजही प्रत्येक व्हेट सांगतो. साधारण तिसऱ्या ते बारा-चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लाच्या मनाचं दार उघडं असतं. या काळात जे शांतपणे पाहिलं-ऐकलं ते जगाचा भाग होतं. जे पाहिलंच नाही त्याची पुढे भीती वाटते. आणि चाळीस किलोंच्या कुत्र्याची भीती म्हणजे बहुतेक वेळा दात.

अडचण अशी, की याच काळात लसीकरण अपुरं असतं. सहा ते आठ आठवड्यांपासून दर तीन-चार आठवड्यांनी, सोळाव्या आठवड्यापर्यंत डोस चालतात. रेबीजची लस साधारण तीन महिन्यांनंतर. तोवर पार्व्होसारख्या जीवघेण्या रोगाचा धोका असतो आणि गल्लीतली जमीन त्यासाठी बदनामच आहे. मग काय करायचं? पिल्लू घरात कोंडायचं नाही आणि जमिनीवरही सोडायचं नाही. कडेवर घ्या, नाहीतर जुन्या साडीची झोळी करा आणि रोज पंधरा-वीस मिनिटं दाराबाहेर उभे राहा.

इथे दूधविनायकासारखी शाळा दुसरी नाही. देवळाची घंटा, डमरू, सायकलवरचा दूधवाला आणि त्याच्या हंड्यांचा आवाज, ‘राम नाम सत्य है’ म्हणत निघालेली माणसं, जटाधारी साधू, काठी टेकत येणाऱ्या आजी, सांडाचं फुत्कारणं, भाद्रपदात गणपतीचे ढोल. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये हे सगळं जमवायला वर्ष लागेल. इथे ते एका सकाळी उंबऱ्यासमोरून जातं. तुम्ही फक्त पिल्लाला पाहू द्या, मधूनच उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा बोटाएवढा तुकडा द्या आणि ते घाबरून अंग चोरायला लागलं तर दोन पावलं मागे व्हा. येणारा-जाणारा प्रत्येकजण गाल ओढू पाहील. त्यांना हसून नाही म्हणा. पिल्लाने माणसं पाहणं गरजेचं आहे, सगळ्यांनी त्याला हाताळणं नाही.

‘बस’ म्हणजे काय?

एकत्र कुटुंबात मोठा कुत्रा बिघडतो तो बहुतेक वेळा प्रेमामुळे. बाबांनी सोफ्यावर चढायला मनाई केली, ताईने दुपारी शेजारी घेऊन झोपवलं. आईने ताटाजवळ यायचं नाही म्हणून शिकवलं आणि आजीने पोळीचा तुकडा टेबलाखालून हळूच सरकवला. कुत्रा यातून एवढंच शिकतो की नियम माणसागणिक बदलतात आणि चिकाटी धरली की कोणीतरी विरघळतंच. हट्टी कुत्र्याला हेच तर हवं असतं.

काशीतल्या मराठी घरात आणखी एक मजेदार घोळ होतो. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी आणि बनारसी. तुम्ही ‘बस’ म्हणता तेव्हा कुत्र्याने खाली बसायचं असतं. कामाला येणारी बाई ‘बस, बस!’ म्हणते तेव्हा तिला अंगावर उड्या मारणं थांबवायचं असतं. मुलं इंग्रजी शाळेतली, ती ‘सिट’ म्हणणार. कुत्रा बिचारा चेहऱ्याकडे बघत राहतो आणि आपण त्याला मठ्ठ ठरवतो. पिल्लू घरी येण्याआधीच पाच-सहा शब्द ठरवा, कागदावर लिहा आणि फ्रिजवर चिकटवा. कोणत्या भाषेतले हे महत्त्वाचं नाही. सगळ्यांनी तेच वापरायला हवेत, अगदी आजोबांनीसुद्धा.

आजीचा मात्र हक्क काढून घेऊ नका. तिला सांगा, तुकडा द्यायचा तर आधी त्याला बसायला सांगायचं आणि बसल्यावर हातावर द्यायचा. घरातला सगळ्यात चांगला ट्रेनर बहुधा तीच ठरेल, कारण तिच्याकडे वेळ आहे आणि ती ओरडत नाही. फक्त तुकडा कशाचा ते पाहा. प्रसादातले मनुके, द्राक्षं, चॉकलेट, कांदा हे कुत्र्यासाठी विषारी आहेत.

‘मालक कोण ते दाखवा’

काही ट्रेनर अजूनही सांगतात, कुत्र्याला उलटा पाडून दाबून धरा, मानेला झटका द्या, तुम्ही ‘अल्फा’ आहात हे दाखवा. या कल्पनेचा उगम रुडॉल्फ शेंकेल यांच्या 1947 च्या अभ्यासात आहे. त्यांनी पाहिलेले लांडगे पिंजऱ्यात एकत्र कोंडलेले होते. डेव्हिड मीच यांच्या 1970 च्या पुस्तकामुळे ती जगभर पसरली. पुढे त्याच मीच यांनी जंगलातले मोकळे लांडगे वर्षानुवर्षं पाहिले आणि 1999 मध्ये लिहिलं की लांडग्यांचा कळप म्हणजे साधं कुटुंब असतं, आई-बाप आणि त्यांची पोरं. सत्तेची मारामारी तिथे नसते.

व्यवहारात याचा अर्थ एवढाच. गुरगुरणाऱ्या कुत्र्याला मारलंत तर तो गुरगुरणं सोडेल, पण त्याला जे खुपतंय ते तसंच राहील. पुढच्या वेळी तो इशारा न देता चावेल. गुरगुर ही त्याची भाषा आहे. ती ऐकून मुलाला बाजूला घ्या आणि कशामुळे गुरगुरला ते शोधा.

नियम मात्र हवेतच. जेवणाआधी बसणं, दार उघडल्यावर तुम्ही सांगेपर्यंत थांबणं, तोंडातली वस्तू दुसऱ्या चांगल्या वस्तूच्या बदल्यात सोडणं. यात जोर लागत नाही, रोजचा सराव लागतो. हट्टी कुत्रा हिशेबी असतो. आपल्याला काय मिळतंय हे कळलं की तो मनापासून काम करतो.

आठवा महिना

मोठे कुत्रे घराबाहेर काढले जातात ते पिल्लू असताना नाही, याच वयात. सहा महिन्यांपासून दीड वर्षापर्यंतचा हा काळ. काल हाक मारली की धावत येणारा आज ऐकून न ऐकल्यासारखं करतो. लीश ओढून आईला फरफटत नेतो. पाहुण्यांच्या छातीवर दोन्ही पाय ठेवतो. घरातले म्हणतात, बिघडला.

तो बिघडलेला नसतो, वयात आलेला असतो. 2020 मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी गाइड डॉग होऊ घातलेल्या कुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पाच महिन्यांच्या वयात मालकाचं ऐकून बसणारे कुत्रे आठव्या महिन्यात त्याच मालकाकडे दुर्लक्ष करत होते, पण अनोळखी माणसाने सांगितलं तर ऐकत होते. म्हणजे शिकलेलं विसरले नव्हते. घरात किशोरवयीन मुलगा किंवा मुलगी असेल तर तुम्हाला हे वेगळं समजावून सांगायला नको. वर्षाच्या आसपास गाडी पुन्हा रुळावर आली, हेही त्याच अभ्यासात दिसलं.

याच काळात अनेक घरांत एक निर्णय होतो: गच्चीवर बांधू या. सकाळ-संध्याकाळ ताटली वर जाते, साखळी कठड्याला. कुत्रा भुंकतो, म्हणून कोणी वर जात नाही. कोणी जात नाही, म्हणून तो आणखी भुंकतो. काही महिन्यांत ज्याच्या जवळ जायला घरचेच घाबरतात असं जनावर तयार होतं. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या 11 व्या कलमाने आखूड किंवा जड साखळीला अवाजवी वेळ बांधून ठेवणं, सतत बांधलेल्या कुत्र्याला व्यायाम न देणं आणि मालकाने त्याला सोडून देणं, हे तिन्ही गुन्हे ठरवले आहेत. कायदा बाजूला ठेवला तरी, ज्या कुत्र्याला माणसांत राहायला शिकवायचं त्याला माणसांपासून तोडून काय साधणार?

या महिन्यांत करायचं ते कंटाळवाणं असतं, पण उपयोगी पडतं. पहाटे पाचला, गल्ली मोकळी असताना बाहेर पडा. अंगाला हार्नेस आणि आखूड, भक्कम लीश. आपोआप लांब होणारी दोरी या गल्ल्यांत धोक्याची. समोरून कोणी आलं की जवळच्या दरवाजाच्या खाचेत वळा, कुत्र्याला बसवा, माणूस जाऊ द्या, तुकडा द्या. पंधरा दिवसांत तो स्वतःहून खाचेकडे वळू लागतो. गल्लीतल्या कुत्र्यांचे इलाके ठरलेले असतात. त्यांच्याशी हुज्जत घालण्यापेक्षा वाट बदला. घाटावर जा, पण पायऱ्यांवरून धावडवू नका. मोठ्या जातीची हाडं पक्की व्हायला दीड वर्ष तरी लागतं आणि रोजच्या चढ-उताराचा ताण कंबरेच्या सांध्यांवर येतो. जाता जाता: मोठा होणार म्हणून कॅल्शियमचं सिरप पाजण्याची पद्धत सोडा. मोठ्या जातीच्या पिल्लांसाठीच्या चांगल्या आहारात ते पुरेसं असतं. जास्तीच्या कॅल्शियमने वाढत्या हाडांचं नुकसानच होतं.

पाय थकवण्याइतकंच डोकं थकवणं गरजेचं. जेवण ताटलीत न देता जुन्या टॉवेलच्या घड्यांत लपवा, वाड्याच्या तीन मजल्यांवर पसरवून ठेवा. वीस मिनिटं नाकाने शोधाशोध केलेला कुत्रा तासभर फिरून आल्यासारखा झोपतो. पावसाळ्यात गल्लीत पाणी साचलं की हाच उपाय.

आणि मुसकं. हा शब्द ऐकला की आपल्याला बैल आठवतो आणि ‘आमचा चावत नाही’ असं आपण ठणकावून सांगतो. जाळीचं, आत जीभ काढून धापा टाकता येतील असं सैल मुसकं घ्या आणि त्यात पनीर ठेवून रोज थोडा वेळ तोंड घालायची सवय लावा. व्हेटकडे, गर्दीत, सणाच्या दिवशी ते हवंच. शेजारच्या आजींना गल्लीतून निर्धास्त जाता यायला हवं. हा त्यांचा हक्क आहे, तुम्ही केलेला उपकार नाही.

कायद्याची बाजूही पाहून ठेवा. तुमच्या शहराच्या महापालिकेत नोंदणी आणि रेबीजच्या लसीचा दाखला तयार ठेवा. मार्च 2024 मध्ये केंद्राने रॉटवायलर, पिटबुल यांसह 23 जातींवर बंदी आणण्याचं पत्रक राज्यांना पाठवलं. एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्द ठरवलं. बंदीवर वाद चालत राहतील, पण निष्काळजीपणे जनावर सांभाळून कोणाला इजा झाली तर भारतीय न्याय संहितेचं 291 वं कलम कोणत्याही जातीच्या मालकाला लागू होतं. कुत्रा चावलाच, मग तो लस घेतलेला असो, जखम साबणाने पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुवा आणि थेट दवाखाना गाठा. हळद-चुना नाही.

ज्यांना एवढा वेळ नाही त्यांनी मोठी जात आणू नये, असं मी स्पष्टच म्हणेन. ज्यांनी आणली आणि जमत नाहीये, त्यांनी व्हेटमार्फत दुसरं जबाबदार घर शोधावं. घाटावर सोडलेला रॉटवायलर ‘आपलं पोट भरेल’ हा भ्रम आहे. गल्लीतले कुत्रे त्याला पहिल्याच रात्री फाडतात, नाहीतर तो कोणाला तरी चावतो.

दोन वर्षांनंतर

हा टप्पा पार केलेल्या घरांत पुढची पाच-सहा वर्षं खरोखर सुखाची असतात. तोच हट्टी कुत्रा घराची घडी ओळखू लागतो. कोण कधी येतं, कोणाच्या पावलांना भुंकायचं आणि कोणाच्या नाही, देव दिवाळीला फटाके सुरू झाले की कोणत्या कोपऱ्यात जायचं, सगळं त्याला ठाऊक असतं. उन्हाळ्यात फिरण्याची वेळ सूर्य ठरवतो. दगडावर हाताची मागची बाजू सात सेकंद ठेवता आली नाही, तर त्याचे पंजेही ठेवता येणार नाहीत. गोचीड आठवड्यातून दोनदा शोधा, विशेषतः कानात आणि बोटांच्या बेचक्यात. गोचीडतापाने तगडा कुत्राही खचतो.

खोल छातीच्या जातींत पोटाला पीळ पडण्याचा धोका असतो. पोट फुगलेलं, ओकारीचा प्रयत्न पण बाहेर काहीच नाही, अस्वस्थ येरझाऱ्या. अशा वेळी सकाळची वाट पाहायची नसते, तासाभरात शस्त्रक्रियेपर्यंत पोचावं लागतं. दूधविनायकात दाराशी गाडी येत नाही. ती मिळते मैदागिन किंवा विश्वेश्वरगंजच्या बाजूला, मुख्य रस्त्यावर. चाळीस किलोंचा कुत्रा तिथवर कसा न्यायचा, हे तो धडधाकट असतानाच ठरवा. जाड चादरीची चार टोकं धरायला चार माणसं लागतात. त्यांतली दोन शेजारचीच असणार, आणि कुत्र्याला त्यांचा हात लागलेला चालायला हवा.

मोठ्या जातींचं आयुष्य लहान कुत्र्यांपेक्षा कमी, बहुतेकदा आठ ते अकरा वर्षं. शेवटी मागचे पाय जातात. दगडी जिन्यापाशी तो थांबतो, खाली बघतो, मग तुमच्याकडे बघतो. त्या दिवसापासून त्याचं अंथरूण तळमजल्यावर आणा. दारात गोणपाट अंथरा, म्हणजे गुळगुळीत फरशीवर पाय सरकणार नाहीत. लांब टॉवेल पोटाखालून घालून दोन्ही टोकं वर धरलीत, की मागचा भार तुमच्या हातात येतो आणि पुढच्या पायांनी तो स्वतः चालतो. पहाटेची फेरी आता गल्लीच्या वळणापर्यंतच. तिथे तो बराच वेळ भिंत हुंगत उभा राहील आणि ओढलंत तरी हलणार नाही.